मामांच्या डोळ्यांवर बॅटरी

पारनेर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. सहादूमामांस,
अश्विनीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मोबाईलवर काही सांगायचं तर ओरडावं लागतं आणि अख्खं पोलीस ठाणं ऐकतं, म्हणून हे पत्र.

नगरला आम्हा पोलिसांचं आणि अँब्युलन्सवाल्यांचं प्रशिक्षण चाललंय. डोक्याला आतून मार लागलेला माणूस ओळखायचा कसा, हे शिकवतात. तो झोकांड्या खातो, त्याची जीभ जड होते, ओकतो, उगीच अंगावर धावून येतो. आमचे लोक त्याला दारुडा समजून कोपऱ्यात बसवतात आणि बसल्या बसल्या त्याचा जीव जातो.

सरावाला खोटे पेशंट हवेत. जत्रेच्या नाटकात दारुडा करावा तर तुम्हीच, तोही आयुष्यात थेंब न चाखता. म्हणून तुमचं नाव देऊन टाकलंय. मामींना मात्र तुम्हीच सांगा, माझी छाती होत नाही.

लहानपणीसारखीच माया राहू द्या.
तुमची भाची,
अश्विनी

घोडेगाव,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अश्विनीस,
मामाचे अ. उ. आ.

ऐन वेळी तुला बंदोबस्ताला धाडलं आणि माझं काम बघायची तू राहिलीस. मला डोक्याला मार लागलेला माणूस करायचा होता. असा झुललो की आपल्या भागातल्या कल्याण हवालदारांनी तोंडाचा वासही न घेता मला दारुड्यांच्या बाकावर बसवलं. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

दुसऱ्या खेपेला हवालदारांनी नीट विचारलं. कुठं आहात, वार कोणता, बायकोचं नाव काय. आता चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं? मी खाली मान घालून बसलो. हवालदारांनी जाहीर केलं की गड्याची आठवण गेली. टाळ्या पडल्या, मग मीही खुलासा केला नाही.

घरी या विद्येचा फार उपयोग होतोय. कांद्याची खुरपणी निघाली की मला चक्कर येते. परवा जीभ जड करून दाखवली, तर आमच्या हर्षलच्या आईनं हातात खुरपंच दिलं. बाजारात लोक म्हणतात, मामा, दाखवा की. मग दाखवावंच लागतं.

मामाला विसरू नकोस.
तुझा,
सहादूमामा

नगर,
२ डिसेंबर २०२५

चि. अश्विनीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तू दवाखान्यात येऊन गेलीस तेव्हा सगळं सांगायचं राहिलं. आता सांगते.

शुक्रवारी आम्ही बाजारात गाय बघायला गेलो. एका म्हशीनं धडक दिली आणि तुझ्या मामांचं डोकं टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आपटलं. उठले, धूळ झटकली, चहा प्याले. थोड्या वेळानं झोकांड्या खायला लागले, ओकले. माणसं जमली आणि टाळ्याच वाजवायला लागली. म्हणाली, मामा आज लई रंगलाय. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा म्हणाले की पुरे झालं, उठा. कल्याण हवालदार तिथंच होते. तेही हसून म्हणाले, एकदा फसलो, आता न्हाई फसनार.

तेवढ्यात मामांनी माझ्याकडं बघितलं आणि भर बाजारात हाक मारली, राहीबाई, घरी चल.

लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा हा माणूस मांडवातून पळाला होता. आजवर एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी ओरडले, हे सोंग न्हाई, हे माजं नाव घेत न्हाईत! हवालदारांचं हसू पळालं. त्यांनी तोंडाचा वास घेतला, दोन्ही डोळ्यांवर बॅटरी मारली. एक बाहुली मोठी, एक बारीक. मग मान हलू दिली नाही, लगेच १०८ बोलावली. डोक्यात रक्त साकळलं होतं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालंय. डोळे उघडतात, पण माझ्याकडं दाखवून ही कोण असं डॉक्टरांनी विचारलं की छताकडं बघतात. मला फार भीती वाटते गं. ती हाक पहिली आणि शेवटची ठरू नये.

देवाला माझ्यासाठी हात जोड.
तुझी मामी,
राहीबाई

घोडेगाव,
२८ डिसेंबर २०२५

चि. अश्विनीस,
तुळतुळीत डोक्याच्या मामाचे अ. उ. आ.

घरी आलो. बाजारातलं मला काही आठवत नाही. दवाखान्यातही सुरुवातीला सगळं धुकंच होतं. मग एका सकाळी सगळं लख्ख ओळखू आलं. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, ही कोण? भोवती दोन नर्सबाई, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे. मी आपला छताकडं बघत राहिलो. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग तिच्याकडं बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती. म्हटलं, लाज गेली खड्ड्यात. खणखणीत आवाजात सांगितलं, ही राहीबाई. तर ती हरखायचं सोडून ओरडत सुटली, डॉक्टर, धावा, पुन्हा बिघडलं!

बाजारातलं सोंग मी कायमचं बंद केलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मरत होतो, हे आता कळलंय. कल्याण हवालदार परवा भेटायला आले आणि दारातच रडले. मीही रडलो.

एक खोडी मात्र ठेवली आहे. दिवसातून एकदा मी तिला नावानं हाक मारतो. हातातलं काम टाकून ती बॅटरी घेऊन येते, माझी हनुवटी धरते आणि आधी एका डोळ्यात बघते, मग दुसऱ्या. इतक्या जवळून तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. तिला सांगू नकोस.

येत जा, माया असू दे.
तुझा,
सहादूमामा

ता. क. राहीबाईचे तुला आशीर्वाद. हे नाव पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे. आत्ताच बघितलं तिनं, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत.