सुमीच्या माशाचे खवले

मंगळवार, संध्याकाळ

आज रंग फवारायची बंदूक घेतली एकदाची. गळाला लावायचे लाकडी मासे आम्ही दोघी जावा रंगवतो, मी ब्रशनं आणि धाकटी सुमी बंदुकीनं. आता गिऱ्हाईक तिचेच मासे मागतंय. खवले म्हणं खरे दिसत्यात. दिसत्यात की. तेच तर सलतंय.

दुकानात गेले आणि म्हटलं, सुमीकडं हाय त्याच्यापेक्षा भारी द्या. दुकानदार हसला. "वैनी, नवीन हाताला भारी बंदूक नको, साधी घ्या. हवेचा पंप मात्र टाकीचा घ्या, हवा साठून एकसारखी येती. सुमीवैनींचा बिनटाकीचा हाय, मधीच रंग थुंकतो." थुंकतो ऐकून इतकं बरं वाटलं, लगेच टाकीवाला उचलला.

घरी येऊन पहिल्या माशावर रंग मारला. बसला झकास, पण मासा वांग्यासारखा गुळगुळीत. खवले कुठं हायत? मला वाटलेलं, ते बंदुकीतनंच येत्यात.

शेवटी गेले तिच्या दारात. वाटलं, लपवील. लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती सरळ म्हणाली, "अक्का, कांद्याची जाळीची पिशवी माशाला गुंडाळा आणि वरनं रंग मारा की."

ती पिशवी माझ्या गॅसच्या वर रोज लटकती. मला का सुचलं न्हाय?

आता माझ्या माशालाबी खवले आलेत. अगदी सुमीच्या माशासारखे. टाकी असून, तिच्यासारखेच.