बॅट मागे राहते

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस,

दादाचे आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. आम्ही तिघं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो. लेक सातवीत गेली आणि माझ्या डोक्यावर बसली. काम तुझ्या धंद्यातलं आहे, कॉम्प्युटरचं. भावावर राग असला तरी गिऱ्हाइकावर काढू नकोस.

गेल्या वर्षी लेकीच्या हट्टापायी व्हीआरचा तो डोळ्यांवर चढवायचा चष्मा आणला आणि घरच्या कॉम्प्युटरला जोडला. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून आम्ही बापलेक रोज संध्याकाळी आळीपाळीने टेबल टेनिस खेळतो. एकदा चष्मा लावला की खोली दिसत नाही, स्वतःचा हातही दिसत नाही. दिसतं ते हिरवं टेबल, चेंडू आणि हवेत तरंगणारी बॅट. मी इतका पटाईत झालो होतो की लेक मला चिडून ‘यंत्रमानव’ म्हणायची.

पण गेले दोन महिने बॅट मागे राहते. मी हात नेतो आणि ती जरा वेळाने येते. तोवर चेंडू पसार. कॉम्प्युटर थकलाय हे उघड आहे. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदला, चित्र तेच काढतं. आमचा वायरमन म्हणतो, प्रोसेसर बदला, चेंडू कुठे जाणार हे तोच ठरवतो. दोन्ही एकदम घेणं जमणार नाही. लेक म्हणते, काहीच बदलू नका, मला नीट दिसतंय. तिचं काय ऐकायचं, तिला आत्ता कुठे जमायला लागलंय.

घाई एवढ्यासाठी की एक मार्चला क्रेनवर मोठं काम आहे. साठ टनांचा बॉयलर उचलून शेडच्या छपरातून आत सोडायचा. खाली आठ माणसं असणार. त्याआधी खेळात हात बसला तर मला बरं वाटेल. म्हणजे त्याचा आणि याचा काही संबंध नाही, उगाच आपलं सांगितलं.

आमच्या कारखान्याच्या गेटवाल्याने तुला नमस्कार सांगितलाय. बाबांचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. अक्षर बारीक आलंय, कागद वाचवतोय असं समज.

तू बोलत नाहीस तो,
दादा


२० फेब्रुवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. पाच वर्षांनी पत्र आणि त्यात पाच ओळी. ना ‘प्रिय’, ना ‘कशी आहे वहिनी’.

तू सांगितलंस तसं केलं. चष्म्यात कोपऱ्यात तो आलेख लावला. चित्र वेळेवर आलं तर हिरवी रेघ, उशिरा आलं तर लाल. पंधरा मिनिटं खेळलो आणि लाल रेघा दिसल्या! दोन-तीन नव्हे, चांगल्या झुबकाभर. मी चष्मा काढून तुझ्या वहिनीला हाक मारली, म्हटलं, बघ, मशीनच आहे! ती कणीक मळत होती. ती म्हणाली, ‘मग एवढं ओरडताय कशाला?’

पुढचं काही केलं नाही. चित्राचा स्पष्टपणा निम्म्यावर आणून पुन्हा बघ, लाल गेलं तर कार्ड, राहिलं तर प्रोसेसर, हे समजलं. करीन. पण त्याखाली तू लिहिलंस, ‘मग डाव्या हाताने खेळ.’ आणि त्याखाली, ‘तुझं अक्षर असं कधीपासून?’

मी कॉम्प्युटरबद्दल विचारलं होतं, छोटे. माझ्या हाताला काही झालेलं नाही. बाबांच्या वेळीही तुला अशीच नसती शंका

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. कार्ड कोणतं घ्यायचं तेवढं कळव.

दादा


२८ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

काल संध्याकाळी उरलेलं केलं. स्पष्टपणा निम्म्यावर आणला. चित्र धुरकट झालं, पण आलेख वीस मिनिटं हिरवागार. एकही लाल रेघ नाही. म्हणजे कार्डच. प्रोसेसरला हात लावायची गरज नाही, वायरमन हरला.

आणि त्या हिरव्यागार रेघेवर बॅट मागेच राहत होती.

मी लेकीला चष्मा दिला. ती तेच टेबल, तोच वेग ठेवून खेळली, मजेत. मी तिला विचारलं, बॅट उशिरा येते का गं? ती म्हणाली, ‘नाही बाबा. बॅट हाताबरोबरच असते. तुम्ही चष्मा लावून खेळता ना, तेव्हा मी तुमचा हात बघते. तो उशिरा निघतो.’ दोन महिने ती हे बघत होती. मग मी चष्मा लावला आणि डाव्या हातात बॅट घेतली. आयुष्यात डाव्या हाताने कधी खेळलो नाही, चेंडू सगळीकडे उडाले. पण बॅट हाताला चिकटून होती. एकदाही मागे राहिली नाही. मी तसाच चष्मा लावून उभा राहिलो, कारण काढला असता तर लेकीला माझे डोळे दिसले असते.

आता ते सांगतो, जे तुला ठाऊक आहे आणि मी कधी कबूल केलं नाही. बाबा क्रेन चालवायचे तेव्हा शेवटी म्हणायचे, क्रेनचा दांडा जड झालाय. मी त्यांचा मदतनीस. रोज सकाळी त्यांच्याआधी वर चढून दांड्याला ग्रीस लावायचो आणि हलवून बघायचो. दांडा कधीच जड नव्हता. जड झाला होता तो बाबांचा हात, आणि त्यांचं अक्षरही असंच बारीक झालं होतं. मला माहीत होतं, छोटे. तू म्हणालीस, साहेबांना सांग, त्यांना खाली उतरव. मी म्हटलं, बाबांची अब्रू घालवू नकोस. दहा दिवसांनी बोजा सुटला आणि खाली खुणा करणाऱ्या माणसाचा पाय गेला. मला आधीपासून माहीत होतं हे तू सगळ्यांदेखत बोललीस, तेव्हा मी तुला घराबाहेर काढलं. आणि तोच माणूस आज आमच्या गेटवर बसतो, रोज सकाळी मला क्रेनची किल्ली देतो आणि तुझी खुशाली विचारतो.

आज सकाळी त्याने किल्ली पुढे केली. मी घेतली. केबिनच्या शिडीपर्यंत गेलो. खरं सांगतो, पहिल्या चार पायऱ्या चढलो. उद्याच्या बॉयलरपुरतं जमेल, नंतर सांगू, असं डोक्यात चाललं होतं. बाबांनीही असंच काही ठरवलं असेल. मग उतरलो आणि गेटवर येऊन किल्ली त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, मी चढणार नाही, आजही नाही आणि उद्याही नाही.

मला वाटलं, तो ‘का’ म्हणेल. तो म्हणाला, ‘कुठला हात?’

मी उजवा पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला. गेटवर एक ट्रक हॉर्न वाजवत होता, तरी त्याने सोडला नाही. मी रडलो, छोटे. नंतर साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. उद्या बॉयलर दुसरा कुणीतरी उचलेल.

सोमवारी अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचंय. तुझ्या वहिनीला आज सांगतो. तू ये. लेकीसाठी कार्ड आणलंस तर ती नाचेल, नाही आणलंस तरी ये. तू तेव्हा खरं बोललीस आणि मी दार लावलं. मला माफ कर.

इथून खालचं डाव्या हाताने लिहितोय. वाकडं आहे, पण बारीक नाही.

वाट बघतोय.

तुझा
दादा