इंजेक्शनाचा पहिला मान

माबेला (ओमान),
बुधवार

तीर्थरूप बाळकाका यांस,

यशश्रीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते. पण हे पत्र भांडणाचं आहे आणि पालथं पडून भांडता येत नाही, म्हणून उभ्यानेच.)

आधी एक प्रश्न विचारते. घराण्याचा जो मान असतो तो घरातल्या पुरुषांचाच असतो, की त्या घरात राबणाऱ्या सगळ्यांचा? मला उत्तर येत नाही. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर (बाबांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून एसीच्या बरोब्बर खाली लावलंय, म्हणजे उकडून आलेल्या प्रत्येकाला ते वाचावंच लागतं), पण तीन वर्षांत हा प्रश्न एकाही पेपरात आला नाही. तुम्ही गावच्या पालखीला पहिला खांदा देणाऱ्या घराचे, तुम्हाला येत असेल. उत्तर तयार ठेवा, पत्राच्या शेवटी लागणार आहे.

तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. गेल्या जानेवारीत फ्लूने तुम्हाला नऊ दिवस हॉस्पिटलात झोपवलं, नाकात ऑक्सिजनची नळी होती, आणि बाबा कामावर रजा टाकून इब्रीला येऊन पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. नळी निघाल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं, की शिमग्याला माझ्या जागी खांद्याला कोण लागणार? काकूंनी तेव्हा तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं होतं. तुम्हाला दिसलं नसेल, मला दिसलं. तुम्हाला दमा, वय चौसष्ट. बाबांना साखर. हा हिवाळा या दोन माणसांना सुखरूप काढू द्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

हे कागदावर का लिहितेय, तर दुसरा मार्ग तुम्ही ठेवला नाहीत. आपल्या गावकरी मंडळाच्या ग्रुपवर मी फ्लूच्या लसीविषयी चार परिच्छेद लिहिले, आकृतीसकट. पाचवा लिहायच्या आत तुम्ही ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था करून टाकलीत. फोन केला की 'गिऱ्हाईक आलंय' म्हणता. (काका, दुपारी दोन वाजता इब्रीच्या बाजारात मांजरसुद्धा फिरत नाही.) कागदाला म्यूट करता येत नाही, म्हणून कागद.

आता जितेशभाऊंनी तुम्हाला काय सांगितलं ते बाजूला ठेवा आणि जे घडलं ते ऐका. आमच्या वळणावरच्या फार्मसीत सबीहा म्हणून फार्मासिस्ट आहे, आपल्या दापोलीकडची. फ्लूची लस तीच टोचते. मी आपल्या कंपाउंडातल्या गावकऱ्यांविषयी बोलले तेव्हा ती म्हणाली, नावांची यादी आण, कार्डांचे नंबर आण, आणि शुक्रवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर सगळ्यांना घेऊन ये, तेव्हा गर्दी नसते. किती सोपं! मी वहीचं पान फाडलं, ओळी आखल्या आणि खोल्या-खोल्यांतून फिरले. नाव द्यायला सगळे तयार होते. पहिल्या ओळीत द्यायला कुणीच नव्हतं. पहिली ओळ म्हणजे पहिला मान, आणि पहिला मान तुमचा. मी म्हटलं, ही सुई आहे, पालखी नव्हे. तानाजीदादा म्हणाले, "सुई असो नाहीतर पालखी, आधी बाळकाका. उगाच रीत मोडायची नाय." लगेच जितेशभाऊंनी तुम्हाला फोन लावला आणि तुमचा हुकूम आला: मी पुढच्या शुक्रवारी येतो, तोवर कुणी हात पुढे करायचा नाही.

त्या शुक्रवारी तुमच्याकडे राष्ट्रीय दिनाच्या पायघोळ दिशदाशा शिवायच्या होत्या. दुसऱ्या शुक्रवारी गाडीचा एसी बंद पडला. (एसी दुरुस्त करणारे बाबा इथे तुमची वाट पाहत बसले होते, हे लक्षात घ्यावं.) तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही अमावस्या सांगितलीत. मी कॅलेंडर पाहिलं, पंचमी होती. तिन्ही शुक्रवारी सहा पुरुष आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे अंगणात बसले आणि 'बाळकाका आले नाहीत' म्हणून इतक्या आनंदाने उठले, की तो आनंद कशाचा हे कळायला पदवी लागत नाही. त्याच आठवड्यात बाबा खोकायला लागले. साधाच खोकला होता, दोन दिवसांत गेला. पण ते दोन दिवस मला झोप नव्हती. म्हणून चौथ्या शुक्रवारी, म्हणजे गेल्याच, मी सहाही जणांना तानाजीदादांच्या व्हॅनमध्ये घातलं आणि फार्मसीत नेलं. 'नुसती चौकशी करू' असं सांगून नेलं, हे खरं आहे. तेवढं खोटं मी कबूल करते.

तिथलं दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं. पडद्यामागे एक खुर्ची, बाहेर बाकावर आपले सहा मानकरी, सगळ्यांचे हात मांड्यांखाली दडवलेले. मी चौथीत होते तेव्हा दुसऱ्या खांद्यावरून जितेशभाऊंचं घर आणि तानाजीदादांचं घर असे भांडले होते, की पालखी तीन वर्षं देवळाबाहेर निघाली नाही. माझे तीन शिमगे बुडाले. तीच दोन घरं आता बाकावर शेजारी बसून एकमेकांना मान वाटत होती.

"तानाजी, तू जा. तू मोठा."

"वयाने मोठा रे, मानाने तूच. तुझा आजा खांद्याला होता."

"आजा होता, पण तुझ्या आजाने आधी हात लावलान म्हणतात."

"कोण म्हणतो? खोटं आहे ते सपशेल!"

काका, जे वाक्य ऐकायला गाव तीन वर्षं थांबलं होतं ते माबेल्याच्या फार्मसीत, खोकल्याच्या औषधांच्या कपाटासमोर ऐकायला मिळालं. मग दोघांनी मिळून बाबांकडे पाहिलं. "गुरुदत्तदादा, तुम्ही होता का पुढे?" बाबा नेहमीसारखे हसले आणि म्हणाले, आमचं घर मशालीत तेल घालणारं, आम्ही मागे. तेवढ्यात काठी टेकत एक ओमानी आजोबा आले, आमच्या बाकाकडे पाहून सलाम केला, पडद्यामागे गेले, दिशदाशाची बाही वर करून बाहेर आले, "खलास" म्हणाले आणि गेले. सगळं मिळून दोन मिनिटं. मी म्हटलं, बघा, झाला पहिला मान. जितेशभाऊ म्हणाले, "ते बाहेरचे. ते मानात धरायचे नाहीत." सबीहा पडद्यातून डोकं काढून म्हणाली, "ओ मानकरी, प्रत्येकाला सुई नवी आहे. उष्टी नाही कुणाची. मग पहिला कोण नि दुसरा कोण?" तरी कुणी हललं नाही.

मग मी बाही वर केली.

तानाजीदादा उठून उभेच राहिले. "अगं ए पोरी! बायका पालखीला हात लावत नाहीत." मी म्हटलं, दादा, मी पालखीला हात लावत नाहीये, माझाच हात पुढे करतेय. हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण निघालं चांगलं. आत जाऊन खुर्चीवर बसले. दुखत नाही असं मी ग्रुपवर चार परिच्छेदांत लिहिलं होतं. थोडं दुखतं. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र एसीच्या झोतामुळे.

टोचल्यावर पंधरा मिनिटं बसावं लागतं. त्या पंधरा मिनिटांत सहा पुरुष माझ्याकडे, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे पाहावं तसे पाहत होते. दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "काय होतंय का?" काहीच होत नव्हतं. सोळाव्या मिनिटाला मी उठून पाणी प्याले आणि जितेशभाऊ ताडकन उभे राहिले: "दुसरा मान आमच्या घराचा!" तानाजीदादा म्हणाले, "तो कधीपासून?" म्हणजे सुई सुरक्षित आहे असं दिसताच तिची पालखी झाली. आजे, पणजे, देवळाचे दगड, सगळं निघालं. आणि ते दोघे भांडत असताना बाबा मधून वाट काढत आत गेले आणि खुर्चीवर बसले. मी माझ्या जन्मात बाबांना कुठल्याही खुर्चीवर कुणी 'बसा' म्हटल्याशिवाय बसलेलं पाहिलं नव्हतं. सबीहाला म्हणाले, "कुठला हात देऊ, बाळ?" बस्स, एवढंच. भांडण थांबलं, कारण भांडायला दुसरा मान उरलाच नव्हता. मग जितेशभाऊ धुसफुसत तिसरे झाले, बाकीचे तिघे मुकाट्याने. तानाजीदादा गाडीची किल्ली शोधायला बाहेर गेले ते आम्ही घरी जायला निघेपर्यंत शोधत होते. (किल्ली व्हॅनलाच होती.)

त्या संध्याकाळी ग्रुपवर तुमचा निर्णय आला: मान डावलून घेतलेली लस मंडळ मान्य करत नाही, यशश्रीने देवापुढे नारळ ठेवून माफी मागावी. काका, तुमच्याविषयी आदर ठेवून लिहिते, की लस मंडळाने अमान्य केली म्हणून अंगातून परत निघत नाही. शनिवारी बाबांना थोडी कणकण आली तेव्हा जितेशभाऊंनी 'देवाने दाखवलं' म्हणून जाहीर केलं. रविवारी बाबा चौथ्या मजल्याच्या गच्चीवर एसी बसवत होते, तेव्हा देवाने काय दाखवलं हे कुणी जाहीर केलं नाही. लस घेतली की फ्लू होणारच नाही असं मी म्हणत नाही. झाला तर नऊ दिवस नळी लागायची भीती कमी होते. एवढ्यासाठी मी रीत मोडली आणि पुन्हा मोडीन. माफी मागणार नाही. नारळ हवाच असेल तर आणते, फोडते आणि सोलकढी करते, तुम्ही प्यायला या.

आणखी एक, रागावू नका. बत्तीस वर्षं सुईवर पोट भरणारा माणूस सुईला घाबरतो, ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. (सगळ्यांना माहीत आहे.) त्यात लाजण्यासारखं काही नाही. जितेशभाऊंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं होतं, आणि नाव चुकीच्या देवाचं घेतलं, शेजारच्या गावच्या. घाबरणं चालतं, काका. त्याला मान म्हणणं चालत नाही.

आपली,
(माफी न मागितलेली) यशश्री

ता. क. शीलाकाकूंना नमस्कार सांगा. मागच्या गुरुवारी त्यांनी तुम्हाला भाकरीऐवजी बाजारातला खुबूस वाढला आणि हात अवघडलाय म्हणून सांगितलं, आठवतं? सबीहाचा भाऊ सकलैन तुमच्या इब्रीतच फार्मसीत आहे. काकू मेथी आणायला म्हणून गेल्या आणि सकलैनकडून टोचून घेऊन आल्या, मेथीही आणली. माझ्या एक दिवस आधी. मला फोनवर म्हणाल्या, "टोचली गो मी. आता तू तुझं बघ." म्हणजे गावातला पहिला हात तुमच्याच घराचा लागला. आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काढा. मान घरातल्या सगळ्यांचा असेल, तर मी काहीच मोडलेलं नाही आणि नारळ रद्द. पुरुषांचाच असेल, तर पहिली गुन्हेगार तुमच्या स्वयंपाकघरात आहे. माफी आधी तिच्याकडून घ्या, आणि ती कशी घेतलीत ते मला कळवा. हे मी शुक्रवारी फार्मसीत सांगितलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण काकूंनी शपथ घातली होती. काल त्यांनीच सोडवली. म्हणाल्या, "लिही. बघू काय करतात ते."

आणखी ता. क. हे पत्र शनिवारी दुपारी तानाजीदादा घेऊन येताहेत. त्यांना वाटतंय की हा माझा माफीनामा आहे, म्हणून ते खुशीत असतील. चहा द्या, पण आल्या आल्या काकू त्यांच्याकडून व्हॅनची किल्ली मागून घेणार आहेत, तसं आमचं ठरलंय. त्याच संध्याकाळी पाच वाजता सकलैन वाट पाहील. तुमच्या कार्डाचा नंबर काकूंनी दिला. तानाजीदादांचं म्हणणं होतं की बाळकाकांच्या आधी नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, त्यांच्यानंतर घ्या. ते तुमच्या मागेच उभे असतील.

आणि शेवटचं. ज्या यादीवरून हे सगळं झालं तिच्यावर माझं नाव दुसऱ्या ओळीत आहे. सुई पहिली घेतली तरी पहिल्या ओळीत माझ्याने लिहवलं नाही. का, ते विचारू नका. चार शुक्रवार ती ओळ कोरी होती. आज दुपारी मी तिथे तुमचं नाव लिहिलं, पेनाने, आणि फोटो काढून सकलैनला पाठवून दिला.