पाव्हण्यांसमोर खाल्लेला डोसा

सोमवार, ता. ६ एप्रिल
पोहे करायला माझे हात मोडलेत का काय? सबंध कुरुळीत माझ्या पोह्यांना नाव ठिवणारं कुणी जन्मलं न्हाई. आन् माझ्याच नातीला बघायला येणारे पाव्हणे चौकातल्या हाटेलात बसणार! का, तर पोरगा म्हणला म्हणे, घरी अवघडल्यासारखं होतं. मग बघायला येताय का फिरायला?
दत्तू, माझा ल्योक, गप. सून मंगल बी गप. मनातून खूश, फरशी पुसायची वाचली.
शेवटी नातीलाच, ऋतुजाला, इचारलं. तिसऱ्या पाळीवरनं येऊन झोपायच्या बेतात हुती. म्हणली, "आजे, मला ट्रे धरून उभं ऱ्हायचं न्हाई. रातभर उभीच असते."
तिला झोपू दिलं. म्हणून हितं लिवते. डायरी तिच्याच कंपनीची, दिवाळीला मिळालेली. ऋतुजा लिवताना हात दुखतो, पुढं नुस्तं पोरगी लिवीन.

मंगळ. ७
गुरुवार ठरला. गुरुवारी कंपन्या बंद. पोरगा बी कंपनीतलाच, राजगुरुनगरचा, नाव किरण. सुट्टी बघून दिवस धरला आन् आता कळतंय की त्याच्या आईचा गुरुवारचा उपास असतो. मग बाई हाटेलात काय खाणार, पंख्याची हवा? मंगल म्हणती, साबुदाण्याची खिचडी मिळती.
हिरवी साडी काढून इस्त्री करून आणली. पोरगी म्हणली, ड्रेस घालते. मी म्हणलं साडी. विषय संपला.

बुध. ८
भाजीला जायचं निमित्त करून हाटेल बाहेरनं बघून आले. पाटीवर मोठ्या अक्षरात शुद्ध शाकाहारी. तेवढं बरं.
सकाळचे साडेआठ आन् आत पाय ठिवायला जागा न्हाई. समदी रातपाळीची पोरं. कुणी मराठवाड्याचं, कुणी तिकडं लांबचं, हिंदी बोलणारं. डोळं लाल, आन् ताटावर नुस्ती तुटून पडलेली. आपली न्याहरी ती त्यांचं रातचं जेवण. आपण उठायचं, तवा त्यांनी निजायचं. एवढी माणसं ह्या चौकात कधीपासनं उलट्या घड्याळानं चाललीत, आन् मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसलेली.
आत गेले न्हाई. एकटी बाई काय म्हणून जाणार.

गुरु. ९
सकाळपासनंचं दुपारी लिवते.
साडी पिशवीत घेऊन मी, दत्तू, मंगल धाला गेलो. पाव्हणे आधीच येऊन बसलेले. किरण, त्याची आई, त्याचे वडील. आन् पोरीचा पत्ता न्हाई! दत्तूला तिचा फोन आला. सुट्टीच्या आधी मशिनांची लाईन साफ करून द्यायची हुती, उशीर झाला, कंपनीची गाडी थेट चौकात सोडती. म्हंजी घरी जाणं न्हाई, आंघोळ न्हाई. मी पिशवी घट्ट धरली. म्हणलं हाटेलाच्या मोरीत का व्हईना, साडी नेसवीनच.
आली. अंगात निळा शर्ट, पायात ते पुढं लोखंड घातलेले बूट, केसावर जाळी तशीच. मी पिशवी घेऊन उठले. तिनं माझ्या कानात सांगितलं, "आजे, खाली बस. मला लय भूक लागलीय." आन् किरणच्या समोरच्या खुर्चीवर बसली. नमस्कार बसल्या बसल्या. मंगलनं डोळं मिटलं.
वेटर येऊन उभा. घरात असतं तर ठरलेलं असतं कुणी काय आणायचं, हाटेलात कुणी सांगायचं ते कुणाला ठावं? पोरगी म्हणली, "एक मसाला डोसा. माझा आधी आणा, ह्यांचं ठरंतवर."
देवा.
डोसा आला. ताटाच्या दोन्ही अंगानं हातभर बाहेर. तांबूस, पातळ, पितळंचा पत्रा गुंडाळावा तसा. माझ्या तव्यावर त्याचा कोपरा मावला नसता. एवढा मोठा, आन् कुठं भोक न्हाई, कुठं करपलेला न्हाई. आतनं कुणीतरी हे असं एकामागनं एक काढतोय, चौकातल्या समद्यांसाठी. पोरीनं मधोमध मोडला, वाफ तिच्या तोंडावर आली. आन् खाल्ला. मान खाली घालून न्हाई. सरळ बसून, सांबारात बुडवून, बोटं चाटून. होणाऱ्या सासूसमोर. मी वर छताकडं बघितलं. छत जागच्या जागी.
मला बघायला आले तवा मी पोह्याचं ताट घेऊन गेले ते कुणाचं तोंड बी बघितलं न्हाई, पायताणं तेवढी बघितली. पाव्हणे उठल्यावर पातेल्याला चिकटलेलं खरवडून खाल्लं. पुढं सासरी बी तेच, शेवटची पंगत माझी. त्याचं मला काय वाटत न्हाई, तशीच रीत हुती. पण ह्या पोरीचं जेवताना तोंड बघून मला वाटलं, मी आजवर कुणी बाई खाताना बघितलीच न्हाई.
किरणची आई साबुदाणा चमच्यानं फिरवत हुती आन् नजर डोशावर. मग बोलली, "लग्नानंतर रातपाळी सोडशील ना गं?" बाई वाईट न्हाई. पुढं म्हणली, "ह्यांच्या रातपाळीवर मी दोन पोरं वाढवलीत. पहाटे दार कुणी उघडायचं, ते मला इचार."
पोरीचं तोंड भरलेलं. दत्तू घाईनं म्हणायला लागला, "हो हो, ते काय, आपण..." तेवढ्यात किरण म्हणला, "आई, ती खातीय. खाऊ दे तिला आधी."
पोरगी बी खायची थांबली न्हाई. सावकाश गिळलं, पाणी प्याली, मग म्हणली, "मला आत्ताच लाईन दिलीय. बारा पोरी माझ्या हाताखाली हायत. सोडते असं मी म्हणणार न्हाई." आन् किरणलाच इचारलं, "तुम्हाला पोहे येतात?"
"येतात. पण गिच्च होतात."
"भिजत ठिवत आसशील," मी म्हणून बसले. "चाळणीत धुवून बाजूला ठिवायचं, बाबा." समदे हासले. किरणची आई बी. दत्तू सोडून.
माझा च्या बघता बघता गार झाला. साडी तशीच घडी मोडल्याबिगर घरी आली.
खाऊ दे तिला. एवढंच म्हणला. माझ्या उभ्या जन्मात माझ्याबद्दल हे कुणी म्हणलं आसंल, तर मला आठवत न्हाई.

शुक्र. १०
किरणच्या वडलांचा दत्तूला फोन. पसंत हाय, घरचं वळण चांगलं हाय, फकस्त रातपाळीचं तेवढं बघा. रविवारी सकाळी परत फोन करतो, एकदा व्हय म्हणा.
दत्तू म्हणला, "आत्ता व्हय म्हणून टाकू. लग्न झालं की बघता येईल."
मी म्हणलं, "कोण बघणार? तू?"
जेवला न्हाई. नगं जेवू.

शनि. ११
पोरीला पुढचा आठवडा बी तिसरीच पाळी, कुणी सुट्टीवर गेलंय. सकाळी तिच्या गाडीच्या येळंला चौकात जाऊन उभी ऱ्हायले. उतरली आन् घाबरली, "घरी काय झालं का?"
"काय न्हाई. मला न्याहरी घाल."
आत बसलो. माझ्यासाठी पोहे सांगितले, तिला डोसा. वरनं शेव, लिंबाची फोड, कोथिंबीर. आणून माझ्या म्होरं ठिवले आन् वेटर निघून गेला. त्याला वाढायचं न्हाई, मला उठायचं न्हाई, कोण राहिलंय का बघायचं न्हाई. पहिला घास तोंडात घातला आन् जीभ भाजली.
पोहे एवढे गरम असतात व्हय.
इतकी वर्षं हातानं केले, पण गरम गरम पोह्याची चव काय लागती, ते आज कळलं. मीठ थोडं जास्त हुतं. माझे ह्यापेक्षा बरे असतात, हे बी आजच कळलं. शेजारच्या टेबलावर दोन पोरी कंपनीच्या शर्टातच, एक इडलीवरच डुलक्या घेत हुती. बघत बसले. खाणारी बाई बघावी तेवढी थोडी.
पोरीला इचारलं, "पोरगा कसा वाटतो?"
"बरा हाय. खाऊ दे म्हणला, तिथं मला वाटलं, हा बरा हाय. पण आईसमोर उद्या बी म्हणंल का? रोज म्हणंल का?"
"मला काय ठावं."
"तू सांग ना आजे. तू म्हणशील ते."
मी शेवटचा घास खाऊनच तोंड उघडलं. "मी सांगितलेलं तू कवा ऐकलंस? साडी तरी नेसलीस का?"
हासली. मग रिकामं ताट बाजूला सारलं. म्हणली, "मी लाईन सोडली तर त्या बारा जणी मला काय म्हणतील, ते बी बघावं लागंल." आन् दुसरा डोसा सांगितला. अर्धा मला दिला. कडंला कुरकुरीत, मधी मऊ. काय वस्तू हाय ही.

रवि. १२
पोरगी सकाळी आली, आंघोळ करून झोपलीय. व्हय म्हणायचं का न्हाई, ते तिनं मला सांगितलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई.
दत्तू फोन टेबलावर ठिवून बसलाय. सारखा उचलून बघतोय. मंगलच्या कपाळावर आठी. मी पोहे धुवून चाळणीत ठिवलेत, कांदा चिरलाय, पातेलं गॅसवर हाय, गॅस पेटवलेला न्हाई.
दत्तूला सांगितलं आन् हितं बी लिवते, म्हंजी मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारी काय बोललीच न्हाई. फोन वाजला तर वाजू द्यायचा. तू हात लावायचा न्हाई, मंगलनं न्हाई, मी बी न्हाई. पोरगी उठंल, तोंड धुईल. तिच्या म्होरं गरम पोहे येतील, ते ती बसून खाईल. मग तीच फोन लावंल आन् तीच बोलंल.