हँडल चार बोटं उंच

बाबा, आज मी एकाला मारलं. माझ्याच खोलीत राहतो, बालाघाटकडचा, वयाने माझ्याएवढाच. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्याने स्वतःच्या हाताने आपल्या गाडीचं हँडल उंच केलं आणि जुनीच ॲक्सिलेटरची केबल ताणून बसवली. मी बाहेर आलो, गाडी चालू केली, हँडल पूर्ण वळवलं, आणि मूठ न पिळताच इंजिन किंचाळलं. पुढचं मला नीट आठवत नाही. त्याचा ओठ फुटला होता आणि तो खाली बसून म्हणत होता, "पागल हो गया क्या? केबलही तो है, भाई."

इथे हैद्राबादला मी सेंट्रिंगच्या कामावर आहे. साइटवर सगळे गाडीनेच जातात, सणाला गावालाही गाडीनेच निघतात, दिवसभर बसून. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी पोरांच्या गाड्या बसायला सोप्या करून देतो. सीटचं कव्हर काढायचं, दबलेला फोम मधून कापायचा, त्या जागी सायकलची ट्यूब वळवून ठेवायची आणि हवा अर्धीच भरायची, जास्त भरली तर खड्ड्यात माणूस उडतो. तेलाचा रिकामा डबा कापून मुठींसमोर लावला की थंडीत बोटं गारठत नाहीत. हँडल चार बोटं वर आलं की पाठ सरळ राहते. हे सगळं मी तुमच्या पाठीसाठी शिकलो होतो.

तुम्ही रोज गाडीने तिरोड्याला प्लांटवर जायचे. संध्याकाळी आले की खाटेवर पालथे पडायचे, आणि आई वीट गरम करून फडक्यात गुंडाळून तुमची कंबर शेकायची. कंबर दुखली की तुमचा हात सुटायचा. आईवर सुटायचा, ताटावर सुटायचा, जास्त करून माझ्यावर. सातवीनंतर शाळा सोडली म्हणून मारलं, गोठ्यात झोपलो म्हणून मारलं, एकदा तर नुसतंच मारलं. मला वाटायचं, कंबर थांबली तर हातही थांबेल. एवढंच डोकं होतं मला.

फाट्यावरच्या मिस्त्रीकडे जाऊन मी बघत बसायचो. टिनाचं शेड, समोर कडुलिंब. त्याने मला सीट उसवायला शिकवलं, भंगारातलं एक उंच हँडलही दिलं. पण म्हणाला, "थांब बे. हँडल उंच करशीन त केबलबी लांब लागते. बाजाराच्या दिवशी आणून देतो. जुनी ताणशीन त वळणावर गाडी आपोआप पळन." मी हो म्हणालो. बाजाराला चार दिवस होते. त्या रात्री तुम्ही आईला वीट फेकून मारली, आणि सकाळी तुम्ही उठायच्या आधी मी तुमच्या गाडीला ते उंच हँडल लावलं आणि जुनीच केबल ताणून बसवली.

रोवणीचे दिवस होते. तलावाच्या वळणावर तुम्ही हँडल वळवलं आणि गाडी पळाली, धुऱ्यावरून उडून थेट भाताच्या बांधीत. रोवणाऱ्या बाया चिखलात उभ्या राहून हसल्या, हे मला नंतर कळलं. तुम्ही गाडी ढकलत घरी आले तेव्हा हनुवटीतून रक्त गळत होतं. माझे केस धरून तुम्ही विचारलं, "केबल कोनं लावली बे?"

मी म्हणालो, "मिस्त्रीनं."

मी अजूनही बघतो आहे. तुम्ही पुढे, मी मागे, तुमच्या हातात टायर काढायची टॉमी. मिस्त्री पंक्चर काढून राहिला आहे. पहिला घाव पाठीवर बसतो. तो हात आडवा धरतो, दुसरा घाव बोटांवर. ओली फांदी मोडावी तसा आवाज येतो. तो ओरडतो, "काऊन मारून राहिले भाऊ? पोराले इचारा, पोराले!" आणि तुम्ही त्याच्या छातीवर पाय देऊन म्हणता, "माहा पोरगा खोटा बोलन का बे?"

बाबा, तुम्ही माझा शब्द खरा धरला तो तेवढाच. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी कडुलिंबाकडे बघितलं.

दिवाळीनंतर तुम्ही तापाने गेले. तेरवीला मिस्त्री आला. आपल्या अंगणात सगळ्यांसोबत पंगतीत बसला, पण उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, भात कालवता येईना. त्याने चमचा मागितला. चमचा मीच नेऊन दिला. त्याने हळूच विचारलं, "केबल बदलवली का बे?" मी हो म्हणालो. बदलवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं.

आता दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला घरी जायचं आहे. बालाघाटवाल्याच्या ओठाला बर्फ लावून दिला, त्याच्या गाडीला लांब केबल टाकून दिली, तरी तो बोलत नाही. दरवर्षी मी फाटा टाळून नहराच्या पाळीवरून घरी जातो. कंबर दुखते, पण जातो. यंदा फाट्यावर गाडी थांबवायची आहे. मी खोटं बोललो होतो, एवढं त्याच्यासमोर म्हणता येईल, असं आज वाटतं. तो मारेल तर मारेल.

हे कागद मी माझ्या सीटखाली ट्यूबच्या बाजूला ठेवून शिवून टाकतो. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि त्याला वाचायला द्यायची हिंमत नाही. कारण एक गोष्ट मला त्याला सांगता येणार नाही. तुम्ही त्याला मारत होता तेव्हा मला बरं वाटत होतं. तुमचा हात दुसऱ्या कोणावर पडत होता, आणि मी बाजूला उभा राहून बघू शकत होतो.