बाविसावी नर्स

३ मार्च, मंगळवार
आज घडलं ते:
१. सेटवर सकाळी सात ते संध्याकाळी सहा. माझा शॉट चाळीस सेकंदांचा.
२. संवाद एकच: डॉक्टर, पेशंटचं बीपी पडतंय.
३. ऐन शॉटमध्ये मॉनिटर बंद पडला. मागचं झाकण उघडून सुटलेली वायर मी जोडली. चार मिनिटं.
४. दिग्दर्शक खूश. म्हणाले, अगदी खरी नर्स वाटतेस!
तीन वर्षांतली ही एकविसावी नर्स. शेवटची. यापुढे पांढरा ड्रेस अंगाला लावणार नाही.

५ मार्च
नव्या मालिकेला इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर मुलगी हवी आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर मुलगी आहे. शक्यता पंच्याण्णव टक्के. पाच ट्रॅफिकसाठी सोडले. आईला सांगितलं. ती म्हणाली, छान झालं गं, आता जरा शेजारच्या काकूंचं बीपी बघून ये, त्यांचा तुझ्यावरच विश्वास आहे. आई माझ्या सगळ्या मालिका बघते.
बघून आले. एकशे चाळीस, नव्वद. हेही शेवटचं.

९ मार्च, दुपारी ३
ऑडिशन उत्तम. बंद पडलेलं सर्किट दिलं होतं, हातात धरायला. मी ते सुरू करून दिलं. संवादात 'व्होल्टेज वाहतोय' होतं; वाहतो तो करंट. तेही दुरुस्त केलं. कास्टिंगवाल्या ताई म्हणाल्या, सगळं बरोबर गं, पण तू इंजिनिअर वाटत नाहीस. मी डिग्रीची प्रत पुढे केली. त्या म्हणाल्या, कागदावर आहेस की! पडद्यावरच्या इंजिनिअरचे केस मोकळे असतात.
हा नकार नव्हे. केसांचा प्रश्न एका क्लिपचा आहे.

११ मार्च
नव्या मालिकेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. क्लिप घरी ठेवून गेले.
भूमिका एका मॉडेलला दिली आहे. मला बोलावलं होतं तिला सोल्डरिंग शिकवायला. मुलगी चांगली आहे, दर वाक्याला 'ताई' म्हणते. तिने सोल्डरिंग आयर्न तापलेल्या बाजूने धरलं. मी तिचा हात वीस मिनिटं नळाखाली धरला, रडू नकोस म्हटलं, पट्टी बांधली. वर बघितलं तर सगळे माझ्याकडेच बघत होते. दिग्दर्शक हळूच म्हणाले, हा सीन घेऊया. कास्टिंगवाल्या ताईंनी माझे केस मागे घेऊन बघितले आणि मान डोलावली.
मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात ड्रेसवाला माप न घेताच निघाला. म्हणाला, मॅडमचं माप पाठ आहे.

१२ मार्च, सकाळी १०
पाठवलेला ईमेल, नोंदीसाठी:
नर्सची भूमिका मला मान्य आहे. एकच विनंती. स्क्रिप्टमध्ये पात्राचं नाव 'नर्स' एवढंच आहे. तिला एखादं नाव द्यावं. कुठलंही चालेल. कृपया शुक्रवारी, १३ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं.