बुधवारी भांग आहे

२७ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसाने लिहून ठेवलं पाहिजे. शाळा मी आठवीत सोडली, पण अभ्यासामुळे नाही. एका जागी बसायला सांगायचे.

काम: मार्वे ते गोराई, खाडीत तरंगणारा कचरा जाळीने उचलणे. फायबरची बोट, मागे इंजिन. बोटीवर आम्ही दोघंच. हरेश्वरकाका तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हातात. मनोरीचे कोळी. वय झालंय आता, कुणीतरी पुढे यायला पाहिजे. दुसरा मी. माझं गाव भंडारा जिल्ह्यात, म्हणून काका मला प्रांजल म्हणत नाहीत, भंडारा म्हणतात. ए भंडारा, दोरी टाक. परवा जेट्टीवर एका बाईने ते ऐकलं आणि विचारलं, कुठल्या देवळात, पंगत कधी बसणार.

ठेकेदार हर्षदभाई आज म्हणाले, पाच तारखेला, बुधवारी, ऑफिसचे मोठे साहेब बोट बघायला येणार. खूश झाले तर विक्रोळीच्या खाडीत दुसरी बोट. तिच्यावर सुपरवायझर लागेल, तो आपल्यातलाच घेऊ. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे भिंत होती, म्हणजे माझ्याकडेच.

लगेच घरी फोन केला. सुपरवायझर झालो म्हणून सांगून टाकलं. माय म्हणाली, तुझा मामा म्हणते, होळीपर्यंत कुठं टिकला नाही तर राईस मिलमध्ये पोती शिवायले आणतो त्याले. मी म्हणालो, मामाले सांग, पोती शिवायले दुसरा शोध. नागपूरचं हॉटेल, पुण्याचा पेट्रोल पंप, अंधेरीची वॉचमनगिरी, सगळं मी सोडलं. त्यांनी मला नाही काढलं. पुण्याचं थोडं दोन्हीकडून झालं.

२८ जानेवारी

एक अडचण. जेवण. एकदा बोट निघाली की संध्याकाळशिवाय परत नाही. काका घरून भाकरी आणि सुकट आणतात आणि मान खाली घालून खातात. माझी मालवणीत खोली आहे, पण तिथे एक स्टोव्ह आणि माणसं बरीच.

ठरवलं. पाण्यावर फिरणाऱ्या माणसाला काठावरचं प्रत्येक जेवणाचं ठिकाण पाठ पाहिजे. विक्रोळीला कामी येईल.

पहिला प्रयोग: मोबाईलवरून ऑर्डर. अंडा बिर्याणी. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, भाऊ, तुमचं लोकेशन पाण्यात दाखवतंय. म्हटलं, बरोबर दाखवतंय. तो म्हणाला, मग मी काय करू? थोड्या वेळाने तो जेट्टीवर दिसला. मी हात केला. त्याने हात केला. मग तो बिर्याणी घेऊन गेला. काका म्हणाले, ओळखीचा हाय काय रे तुझ्या?

२९ जानेवारी

एका जागी बसवत नाही. गोव्याला मोठ्या बोटींवर माणसं घेतात म्हणे. पण आधी विक्रोळी.

आज खारफुटीच्या मागे चक्क एक ढाबा दिसला. बाहेर खाटा, कंदील, बोर्ड पंजाबीत. काका नको नको म्हणत असताना उतरलो. गुडघाभर चिखल तुडवत गेलो. आत बसलो, राजमा चावल सांगितलं. एक पगडीवाला आला, माझ्याकडे बघून रडायला लागला आणि म्हणाला, पुत्तर, तू आ गया. मग कोणीतरी ओरडलं, अरे ये कौन बैठा है फ्रेम में. सिरियलचं शूटिंग. ताटातली रोटी पुठ्ठ्याची होती. मी चावून बघितली म्हणून कळलं.

पगडीवाल्याने मात्र खरं प्रेम दाखवलं. चेहऱ्यात काहीतरी असल्याशिवाय माणूस असं रडत नाही.

३० जानेवारी

सापडलं! झकास!

कालच्या अमावस्येचं पाणी आजही चढलं होतं. दुपारी खाडी अशी टम्म भरली की काकांनी बोट एका बारक्या फाट्यातून मनोरीच्या आत नेली. थेट एका घराच्या मागच्या पायरीला लागली. दारात अँजेलिना मावशी. हरेश्वर, इकडं कसा वाट चुकला? असं म्हणून तिने आम्हाला बसवलं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना ती पैसे घेऊन जेवू घालते. कोळंबीचं कालवण, घरी कुटून बाटल्यांत भरलेल्या बाटली मसाल्याचं, आणि फुगे. फुगे म्हणजे तळलेला गोल पाव, आत पोकळ. मी किती खाल्ले ते लिहीत नाही. मावशी म्हणाली, पोराला घरी कोण उपाशी ठेवते काय रे? काका म्हणाले, याचं नावच भंडारा हाय.

मावशीचा पोरगा नोएल कोपऱ्यात कुणाचं तरी इंजिन खोलून बसला होता. बोलत नाही. अशा माणसांची प्रगती होत नाही.

बोटीतून उतरून थेट पाटावर. असं ठिकाण मुंबईत कुणाला माहीत नसेल.

१ फेब्रुवारी

हर्षदभाईंना मावशीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, तू दिवसभर खाण्याच्याच मागे असतोस, तर साहेबांचं जेवण तूच बघ. वाट लावू नकोस. साहेबांचं पोट भरलं की आपलं विक्रोळी झालं.

म्हणजे निर्णय झालाच आहे.

साहेबांना बोटीतून थेट मावशीच्या पायरीवर उतरवायचं. बूट ओला न होता. दुपारी, जेवणाच्या वेळेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

हल्ली पाणी उशिरा यायला लागलंय. दुपारी भरायची ती खाडी आज जेवणाच्या वेळी अर्धी होती. आमच्या गावचा तलाव सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी. पाण्याला शिस्त पाहिजे. बुधवारपर्यंत येईल ठिकाणावर.

आज एक गंभीर गोष्ट कळली. काकांना बुधवारचा प्लॅन सांगितला. ते जाळीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, बुधवारी भांग हाय. आम्ही कोण नाय जात. तू पण घरी बस. हर्षदला सांगून ठेव.

एवढा वयस्कर माणूस. महाशिवरात्र पण अजून लांब आहे. मी हळूच विचारलं, वर्षातून एकदा का? म्हणाले, वर्षातून कुठं, पंधरा दिवसाला असते. म्हटलं, तुम्हाला एकट्याला? म्हणाले, एकट्याला कशी असेल, अख्ख्या खाडीला असते. मनोरी, गोराई, वर्सोवा, सगळीकडं. मी विचारलं, आणतं कोण? काका हसले. म्हणाले, कोण आणणार, चांद आणतो.

हा चांद कोण ते काढलं पाहिजे. एवढ्या गावांना माल पुरवतो आणि कुणी काही बोलत नाही!

हर्षदभाईंना खरं सांगितलं नाही. म्हटलं, बुधवारी काकांना डॉक्टरकडे जायचंय. त्यांनी विचारलं, मग बोट? मी म्हणालो, मी आहे ना, जन्म पाण्यात गेलाय माझा. त्यांनी मान हलवली. आधी ते बिल्डिंगना रंग लावायची कामं घ्यायचे, पाण्यातल्या माणसाची किंमत त्यांना कळते.

४ फेब्रुवारी

तयारी. बोट धुतली. साहेबांसाठी उशी आणली, खोलीतलीच. मावशीला फोन केला, उद्या दुपारी तीन माणसं, कोळंबी, फुगे जास्त. ती म्हणाली, उद्या? गाडीने येताय ना? मी म्हणालो, मावशी, सरप्राइज आहे. ती म्हणाली, तुझी मर्जी.

झोप येत नाही. विक्रोळीला गेल्यावर जेवणाचं बघायला एखादा माणूस ठेवीन.

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

निघतोय. साहेब आले. पांढरे बूट. खूप चांगली गोष्ट आहे.

त्याच दिवशी दुपारी, बोटीत बसून

वेळ भरपूर आहे म्हणून लिहितो.

सुरुवात उत्तम. साहेबांनी विचारलं, तांडेल कुठेत? खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, साहेब, ते आज भांगेवर आहेत. पंधरा दिवसाला असते. चांद म्हणून कोणी आहे, तो आणतो. साहेब हर्षदभाईंकडे बघत राहिले. हर्षदभाई पाण्याकडे. माझा प्रामाणिकपणा दोघांनाही लागला असणार.

फाट्यात शिरलो. पाणी दिसत होतं, पण ते पाणी कमी आणि चिखलावरची चमक जास्त होती. इंजिन खोकलं आणि थांबलं. पंखा गाळात. बोट आधी थोडी हलली, मग म्हैस बसते तशी बसली. समोर मावशीचं घर. पायरी दिसत होती. पातेल्यांवरची झाकणंसुद्धा.

मावशी मागच्या दारात आली. कपाळाला हात लावला. ओरडली, काय रे पोरा, तुला कोनी सांगला नाय? आज भांग हाय!

मी जोरात उत्तर दिलं, मावशी, आम्ही घेत नाही! साहेबपण घेत नाहीत!

त्यानंतर ती दाराला धरून खाली बसली. हसत होती का काय ते लांबून कळलं नाही.

मग नोएल आला. बारकी होडी, बांबूने ढकलत, जिथे मला पाण्याची रेघसुद्धा दिसत नव्हती तिथून. आधी साहेबांना नेलं, मग हर्षदभाईंना. दोघांचे बूट कोरडे. माझी खेप यायच्या आत रेघही आटली. तरी मी ओरडून सांगितलं, कॅप्टन बोट सोडत नसतो. कुणी ऐकलं नाही.

ते जेवतायत. बाटली मसाल्याचा वास इथपर्यंत येतो. साहेबांनी दुसऱ्यांदा कालवण घेतलं. इथून सगळं दिसतं. मावशीने पिशवीत फुगे बांधून माझ्याकडे भिरकावले. मध्येच पडले. एक बगळा आला, त्याने एक नेला. मग परत आला.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

पाणी आलं. हरेश्वरकाका काठाकाठाने चालत आले, बोटीत चढले, एका झटक्यात इंजिन सोडवलं. जेट्टीला लागल्यावर बोलले. अष्टमीच्या आसपास समुद्राला जोर नसतो, पाणी नीट चढत नाय. त्यात आज दुपारी ओहोटी. त्या दिवसांना आमच्यात भांग म्हणतात. चांद म्हणजे तो वर असतो तो.

मी म्हणालो, मग तसं सांगायचं ना. काका म्हणाले, तसंच सांगितलं.

हर्षदभाईंनी त्यांना फोनवर विचारलं होतं, तुम्ही भांग पिता का? साहेबांसमोर विचारलं. काकांनी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही. मी वाट बघत होतो की ते चिडतील. चिडले असते तर मी पण दोन शब्द बोललो असतो आणि तिथूनच गोव्याला निघून गेलो असतो. ते फक्त म्हणाले, घरी जा रे, पाय धू.

शब्द असे दोन अर्थांचे ठेवायलाच नको होते.

६ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. डोकं दुखतंय. उन्हामुळे.

साहेबांना उशी आवडली असावी. परत दिली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विक्रोळीची बोट मंजूर झाली. साहेब जेवणावर फार खूश होते, म्हणाले, असं कालवण कुठे खाल्लं नाही. म्हणजे माझं काम चोख झालं. सुपरवायझर नोएल. हर्षदभाई म्हणाले, काका तुझ्यासाठी शब्द टाकून गेलेत, तू राहा, फक्त इंजिनाला हात लावू नकोस.

जेट्टीवर बसून राहिलो. बराच वेळ एका जागी.

मायचा फोन आला. म्हणाली, जेवलास का? म्हटलं, हो. काय जेवलास? मी समोर बघितलं. एकही दुकान उघडं नव्हतं. परत म्हणाली, काय जेवलास, सांग ना.

म्हटलं, मामाले सांग, येतो.